ऐंशी चमच्यांचा डबा

मुलीसाठी पावडरीचा एक डबा आणायला मला एकतीस दिवस लागले. हे सांगितलं की लोक हसतात आणि मला राग येतो. हसणारा माणूस बहुधा दुकानात शिरून नुसतं बोट दाखवणारा आणि पिशवी हलवत बाहेर पडणारा असतो. मी तसा नाही. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागात आहे. पंपाची वायसर असो की साहेबांच्या खुर्चीची गादी, गेल्या बावीस वर्षांत तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता यांच्याशिवाय माझ्या टेबलावरून काहीही पुढे सरकलेलं नाही. याचा मला अभिमान होता. ‘होता’ म्हणतोय, हे लक्षात असू द्या.

माझी मुलगी वजनं उचलते. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात. मी गॅसचा सिलिंडरसुद्धा लाथेने ढकलत नेणारा माणूस, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी बघून न बघितल्यासारखं करतो. मुलगी सतरा वर्षांची. घरात आम्ही तिला चिमणी म्हणतो. शहात्तर किलो डोक्यावर धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला चिमणी म्हणू नये हे मलाही कळतं, पण नाव पडलं तेव्हा तिला चमचाही उचलता येत नव्हता. ती अठ्ठेचाळीस किलोच्या गटात खेळते. म्हणजे तिचं स्वतःचं वजन अठ्ठेचाळीसच्या आत हवं. एक ग्रॅम जरी वर गेलं तरी त्या गटात उभं राहता येत नाही.

सहा आठवड्यांवर निवड स्पर्धा होती. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघी मोठ्या शिबिराला जाणार होत्या. चिमणीची जागा जवळपास नक्की, असं तिच्या प्रशिक्षक बाई म्हणायच्या, आणि बाई उगाच काही म्हणत नाहीत. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते आणि बोलणंही साधारण शिट्टीसारखंच, थोडक्यात आणि दचकवणारं.

त्या दिवशी सराव संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“हिचं प्रोटीन थोडं वाढवा. दिवसाला पावडरीचा एक चमचा पुरे. पण बघून घ्या. काही पावडरींत बंदी असलेली औषधं मिसळलेली निघतात, डब्यावर लिहीत नाहीत. चाचणीत सापडलं तर मुलगी चार वर्षं बाहेर. ‘मला माहीत नव्हतं’ म्हटलं तर कोणी ऐकत नाही.”

“बघून घ्या” हे दोन शब्द त्यांनी माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको होते. मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो.

दुकानात जमिनीपासून छतापर्यंत बादलीएवढे डबे रचलेले. प्रत्येक डब्यावर एक पुरुष, आणि कोणाच्याही अंगावर शर्ट नाही. दुकानदार मात्र माझ्यासारखाच पोट सुटलेला, त्यामुळे जरा धीर आला. मी म्हटलं, “अहो, खेळाडूसाठी पावडर हवी आहे. घटक द्रव्यांची सविस्तर यादी, उत्पादनाचा गट क्रमांक आणि त्या गटाचा तपासणी अहवाल दाखवा.”

“चॉकलेट की व्हॅनिला?” दुकानदार म्हणाला.

“अहवाल.”

“साहेब, तो स्वाद आमच्याकडे येत नाही.”

मी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. पाऊण तास त्याने ऐकून घेतलं, मध्ये चार गिऱ्हाइकं केली, आणि शेवटी काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, “पावडर घेताय की मुलीचं लग्न ठरवताय?” मी नऊ डब्यांवरची माहिती वहीत उतरवून घेतली आणि बाहेर पडलो. अपमान गिळण्याची मला सवय आहे; खरेदी विभागात त्याशिवाय निभाव लागत नाही.

जिन्यातच शेजारचा डंबेल भेटला. डंबेल हे त्याचं नाव नव्हे, पण तो रोज व्यायामशाळेत जातो आणि दंड दाखवणारं बनियन घालून कचरा टाकायला उतरतो, त्यामुळे इमारतीत त्याला दुसरं नाव उरलेलं नाही. तो माझ्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी लहान आहे आणि मला काका म्हणतो.

“काका, कुठली घेताय? साधी घेऊ नका. वजन वाढवणारी घ्या. माझ्याकडे अर्धा डबा पडलाय, घेऊन जा.”

“त्याचा तपासणी अहवाल आहे?”

“अहवाल कशाला? मीच आहे की!” असं म्हणून त्याने दंड फुगवला. मी दंडाकडे बघितलं. त्यावर गट क्रमांक नव्हता. मी नको म्हटलं, तर तो पायरीवर आडवा उभा राहून मला दुधापासून काढलेली, अंड्यापासून काढलेली, वाटाण्यापासून काढलेली अशा साऱ्या जाती सांगू लागला. वाटाण्यापर्यंत आलो तेव्हा जिन्यातला दिवा गेला, म्हणून सुटलो.

घरी वेगळीच तऱ्हा. माझी आई म्हणाली, “अरे, दूध दे आणि अंडी दे. पावडर तोंडाला लावायची असते.” बायको एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, तिचं म्हणणं असं की इतका विचार करायचा असेल तर आधी घरातल्या पिण्याच्या पाण्याचा करा, ते तुमच्याच कार्यालयाकडून येतं. चिमणी जेवणाच्या टेबलाशी बसून ताटातला भात काट्याने निम्मा करत होती, मग त्याचा पुन्हा निम्मा.

पुढचे काही दिवस मला चैन नव्हतं. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की वहीत काहीतरी भरावंसं वाटे. कार्यालयात पंपांच्या फायलीखाली मी पावडरींचा तुलनात्मक तक्ता ठेवला होता. नऊ डबे, सतरा रकाने. चौथ्या दिवशी साहेबांनी तो पकडला. मला वाटलं, झालं, आता खरडपट्टी. साहेबांनी चष्मा लावला, तक्ता उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, “नववा रकाना रिकामा का?” त्या क्षणापासून सगळं कार्यालय कामाला लागलं. आवक-जावकच्या बाईंनी विद्राव्यतेचा रकाना घातला. भांडारपालाने डब्याच्या झाकणाबद्दल मत दिलं, ते लेखी दिलं आणि त्याची पोच घेतली. साहेबांनी नमुने मागवायची सूचना केली.

नऊपैकी आठांचे नमुने आले. पहिली चाचणी मी स्वतःवर केली, कारण बापाने निदान तेवढं करायलाच हवं. आठ दिवस रोज वेगळी पुडी. त्या आठ दिवसांबद्दल इतकंच सांगतो की चौथ्या दिवसापासून माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खिडकीपाशी बसू लागले.

तरी मूळ प्रश्न तसाच होता. बंदी असलेलं काही नाही हे कोण सांगणार? माझ्या मते याचं उत्तर एकच, सक्षम प्राधिकारी. म्हणून मी खेळाच्या संघटनेला सविस्तर पत्र लिहिलं. ‘माझी मुलगी आपल्या निवड स्पर्धेत भाग घेणार असून तिने घ्यावयाच्या पावडरीत बंदी असलेले द्रव्य असल्यास होणाऱ्या परिणामांची माहिती मिळावी,’ वगैरे. पत्र मला स्वतःला फार आवडलं होतं. त्याचं उत्तर सातव्या दिवशी आलं. ‘आपल्या मुलीने सेवन केलेल्या बंदी असलेल्या द्रव्याबाबतचा खुलासा तातडीने समक्ष सादर करावा. तोपर्यंत तिचा प्रवेश अर्ज स्थगित ठेवण्यात येत आहे.’

बायकोने पत्र वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “आता एकही पत्र लिहायचं नाही. जाऊन तोंडाने बोला.”

संघटनेचं कार्यालय एका मोठ्या मैदानाच्या प्रेक्षागृहाखाली होतं, त्यामुळे तिथलं छत तिरकं. लिपिक बरोबर अशा जागी बसले होते की समोरच्या माणसाला मान वाकवूनच उभं राहावं लागावं. मी मान वाकवून सांगितलं की मुलीने काहीही घेतलेलं नाही.

“मग पत्र कशाला लिहिलंत?”

“घेण्यापूर्वी विचारावं म्हणून.”

“घेण्यापूर्वी कोणी विचारत नाही,” ते म्हणाले. “सगळे सापडल्यावर लिहितात. बरं, जी पावडर घेतली तिचा डबा जोडा.”

“अहो, घेतलीच नाही तर डबा कुठून जोडू?”

“मग डबा नसल्याचा दाखला जोडा.”

“तो कोण देतं?”

त्यांनी बराच विचार केला. तो प्रश्न त्यांना खरोखरच नवीन होता. तेवढ्यात माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीचं चीज झालं. मी म्हटलं, “निरंक अहवाल, म्हणजे प्रत्येक रकान्यात ‘काही नाही’ असा, दिला तर चालेल?”

त्यांचा चेहरा एकदम उजळला. परदेशात आपली भाषा बोलणारा माणूस भेटावा तसे ते उठून उभे राहिले, त्यांचं डोकं छताला लागलं, आणि त्यांनी मला खुर्ची दिली. मी तिथल्या तिथे निरंक अहवाल लिहिला: सेवन केलेली पावडर, निरंक, शिल्लक डबे, निरंक, दुष्परिणाम, निरंक. शिक्का बसला. अर्ज मोकळा झाला. निघताना त्यांनी हळूच सांगितलं, “काही डब्यांची बाहेरच्या प्रयोगशाळेत गटवार तपासणी झालेली असते. डब्यावर तपासणीचं चिन्ह आणि क्रमांक असतो, तो पडताळून घ्यायचा आणि घेऊन टाकायचा. इतकं सोपं आहे.” इतकं सोपं आहे हे सांगायला त्यांना, आणि ऐकायला मला, चार आठवडे लागले होते.

एकतिसाव्या दिवशी मी डबा आणला. क्रमांक पडताळलेला, चिन्ह असलेला, आणि बिनस्वादाचा. कारण स्वाद म्हणजे आणखी एक घटक, म्हणजे आणखी एक धोका. डब्यावर लिहिलं होतं, ऐंशी चमचे. मी तो टेबलावर ठेवला तेव्हा आईने त्याला नमस्कारच करायचं बाकी ठेवलं. बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “अजून सुरूच नव्हतं? असो. रोज एक. जास्त नको, वजन सांभाळायचंय.”

स्पर्धेला अकरा दिवस राहिले होते, आणि इथे माझ्यातला खरेदी विभाग गप्प बसेना. मुलीला बेचाळीस दिवस रोज एक चमचा मिळायला हवा होता. त्यातले एकतीस दिवस माझ्या कार्यपद्धतीत गेले. म्हणजे एकतीस चमच्यांचा अनुशेष. अनुशेष पडला की तो पुढच्या हप्त्यांत वाटून भरून काढायचा, हे आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. एकतीस भागिले अकरा म्हणजे रोज तीनला थोडे कमी. चिमणी स्वतःचा एक चमचा घेईच. उरलेले तीन मी सकाळी तिच्या ओट्समध्ये गुपचूप घालू लागलो. पावडर बिनस्वादाची असल्यामुळे कळायचा प्रश्न नव्हता. निवड किती योग्य होती, असं वाटून मी आठवडाभर खूश होतो.

फक्त एक गोष्ट मला खटकत होती. चिमणी कमी खायला लागली. सकाळी ती न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभी राहायची, बाहेर यायची आणि ब्रेड नको म्हणायची. मग दुपारचा भात नको. मग रात्री फक्त सूप. “अगं, खा की जरा,” मी म्हणायचो. “नको बाबा, पोट भरलंय.” ती असं म्हणाली की मला वाटायचं, पोरगी ताणाखाली आहे, हिच्या अंगात काही जात नाही, आणि मी ओट्समध्ये तिसरा चमचा शीग लावून घालायचो. घरभर माझी ये-जा चालू असायची. बायको म्हणायची, “अहो, एका जागी बसा.” पण तीही बसत नव्हती, मी स्वयंपाकघरात शिरलो की ती काहीतरी झाकून ठेवायची आणि ओटा पुसायला लागायची. आईही उगाचच फ्रिजपाशी घुटमळलेली असायची. माझं मन इतकं साफ की यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नाही.

दहाव्या दिवशी मी डबा उघडला आणि चमचा तळाला खरवडला.

मी हिशेब केला. तिचा एक, माझे तीन, दहा दिवस, चाळीस चमचे. डबा निम्मा भरलेला हवा होता. एकच निष्कर्ष निघत होता: कंपनीने माल कमी भरला होता. मी तिथेच ओट्याशी उभा राहून कंपनीला पत्राचा मसुदा केला. ‘ऐंशी चमच्यांऐवजी चाळीसच आढळून आले,’ अशी त्याची सुरुवात होती आणि शेवटी ग्राहक न्यायालयाचा उल्लेख होता. बायको मागून वाचत होती. एरवी माझ्या पत्रांवर तिचं काही ना काही म्हणणं असतं. या वेळी ती म्हणाली, “राहू दे ना. स्पर्धा होऊ दे,” आणि घाईने बाहेर गेली. मला तिच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं त्या मोठ्या क्रीडागृहात पोचलो. वजन एका बंद खोलीत होतं. आत फक्त खेळाडू, बाई आणि दोन महिला पंच. आम्ही तिघं बाहेरच्या लांब बोळात बाकावर. मी बाकावर नव्हतो, अर्थात. मी दारापासून पाण्याच्या नळापर्यंत आणि नळापासून दारापर्यंत चाललो होतो. दार उघडलं. बाई बाहेर आल्या.

“अठ्ठेचाळीस सहाशे वीस.”

“म्हणजे?” आईने विचारलं.

“म्हणजे सहाशे वीस ग्रॅम जास्त. तासाभरात उतरवायचं, नाहीतर बाद.”

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. चिमणीने दोन स्वेटर आणि माझा रेनकोट चढवला आणि बोळात धावायला लागली. मीही तिच्याबरोबर धावलो. का धावलो ते सांगता येणार नाही. माझ्या वजनाला तिथे कोणी विचारत नव्हतं. पण ती धावत असताना बाकावर बसणं मला शक्यच नव्हतं. चौथ्या फेरीला मी भिंतीला टेकलो. ती धावतच होती. वीस मिनिटांनी आत गेली: चारशे दहा वर. पुन्हा धावली, दोरीवरच्या उड्या मारल्या. दोनशे नव्वद. तिचे ओठ कोरडे पडले होते. आदल्या संध्याकाळपासून तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे मला तिथे कळलं.

बाई दोरीचं दुसरं टोक धरून म्हणाल्या, “मला कळत नाही. शेवटच्या आठवड्यात सराव हलका होता हे खरं, पण एका चमच्याने एवढं वाढत नाही. तू आणखी काही खात होतीस?”

“काही नाही बाई. मी सगळं सोडलं होतं. फक्त ओट्स, सूप आणि दूध.”

मी घसा साफ केला. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण खरं इतक्या लोकांत बोलायचंही नव्हतं.

“ओट्समध्ये,” मी म्हटलं, “अनुशेषाचे तीन चमचे असायचे.”

“ओट्समध्ये?” बायको ओरडली. “अहो, मग मी सूपमध्ये दोन कशाला घातले असते? मला वाटलं, तुमचं पत्र-पत्र खेळण्यात पोरीचा महिना वाया गेला, निदान मी तरी...”

“तू पण?”

आम्ही दोघांनी एकदमच आईकडे बघितलं. आई पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

“आई?”

“दुधात,” आई पिशवीत बघतच म्हणाली. “दोनच. पोर जेवत नव्हती रे. सुकून चालली होती.”

तीन अधिक दोन अधिक दोन, अधिक तिचा स्वतःचा एक. रोज आठ. दहा दिवसांत ऐंशी. कंपनीने माल पूर्ण भरला होता. पत्र मी सकाळीच टपालात टाकलं होतं, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. चिमणी दोरी हातात धरून आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि रेनकोटची टोपी तिने डोळ्यांवर ओढून घेतली. मला माझी लाज वाटली. कार्यालयात चूक झाली की ती फायलीत जाते. इथे ती माझ्या मुलीच्या अंगावर चढली होती आणि पोरगी ती घाम गाळून उतरवत होती.

बाईंनी घड्याळ बघितलं. “बारा मिनिटं आहेत. दोनशे नव्वद ग्रॅम. केस कापून, थुंकून, कसंबसं होईलही. पण मग दुपारी अंगात काही राहणार नाही. दुसरं म्हणजे, या स्पर्धेत वरच्या गटात खेळायची मुभा आहे. त्रेपन्न किलो. तिथल्या मुली जड आहेत. जागा मिळणं कठीण. तू सांग.”

आम्ही तिघंही एकदम तोंड उघडणार होतो. बाईंनी शिट्टी वाजवली. बंद बोळात ती शिट्टी अशी घुमली की आईने कान झाकले.

“तिला विचारलंय,” बाई म्हणाल्या.

चिमणीने टोपी मागे केली. “वरच्या गटात,” ती म्हणाली. “आणि मला पाणी द्या.”

वरच्या गटासाठी पालकाचा अर्ज लागत होता. मी तो नळाच्या कट्ट्यावर लिहिला. तीन ओळी, विषय नाही, संदर्भ नाही, सोबत जोडलेली कागदपत्रं नाहीत. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात छोटा अर्ज असेल, आणि तो दोन मिनिटांत मंजूर झाला.

दुपारी त्रेपन्नचा गट सुरू झाला. चिमणी त्या मुलींच्या रांगेत उभी राहिली तेव्हा कोणाची तरी धाकटी बहीण चुकून आत आली असावी असं वाटत होतं. तिची आजवरची सर्वांत चांगली बेरीज होती एकशे अडतीस. वजनाचा बार एका दमात डोक्यावर न्यायचा आणि आधी छातीशी घेऊन मग वर ढकलायचा, असे दोन प्रकार, प्रत्येकी तीन उचली, आणि दोन्हींतल्या सर्वांत जड उचलींची बेरीज धरतात. पहिल्या तीन उचलींनंतर ती चौथी होती. मी एकदा खुर्चीवरून उठून “चिमणे!” असं ओरडलो, सगळं क्रीडागृह वळून बघायला लागलं, आणि मंचावरून तिने मला अशा नजरेने खाली बसवलं की मी बसलो.

शेवटच्या उचलीला बारवर एकोणऐंशी किलो होते. एकोणऐंशी तिने कधीच उचललेले नव्हते. तिने बार छातीशी घेतला, क्षणभर थांबली आणि वर ढकलला. तिचे कोपर सरळ झाले. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य. बायकोने माझा हात इतका घट्ट दाबला होता की दोन दिवस बोटं वळत नव्हती. बेरीज एकशे बेचाळीस.

मग शेवटची मुलगी आली, तिने तिचा बार उचलला आणि तिची बेरीज एकशे त्रेचाळीस झाली. चिमणी तिसरी आली. एका किलोने.

फलकावर सकाळच्या गटाचेही निकाल लावलेले होते. मी नको नको म्हणत ते वाचले. अठ्ठेचाळीस किलो, दुसरा क्रमांक: एकशे पस्तीस. म्हणजे नेहमीसारखं उचललं असतं तरी ती शिबिराला गेली असती. मी तो आकडा तीनदा वाचला. नंतर मला तिथे उभं राहवेना आणि तिच्यासमोर जायचा धीरही होईना, म्हणून मी त्या बोळात पुन्हा नळापर्यंत जाऊन आलो. बाई तिथे भेटल्या. म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बघू. वाईट वाटून घेऊ नका. म्हणजे घ्या, पण घरी जाऊन घ्या.”

चिमणी उपाहारगृहाच्या दारातल्या पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी तिच्याशेजारी बसलो. काय बोलायचं ते मी येताना जुळवून आणलं होतं.

“चिमणे, माझ्यामुळे तुझं हे...”

“बाबा, आज अंधारी नाही आली.”

“काय?”

“बार छातीशी घेतला की नेहमी डोळ्यांपुढे अंधारी येते. आज नाही आली. आज मला समोरची माणसं दिसत होती. तुम्हीसुद्धा.”

“नेहमी येते? कधीपासून?”

तिने नाडी सोडवली, बूट काढला आणि पायाची बोटं हलवून बघितली. “अठ्ठेचाळीसमध्ये राहायचं ठरलं तेव्हापासून. दीड वर्ष झालं असेल. मला भूक लागते, बाबा. सरावाला भूक, कॉलेजात भूक. तुम्ही पावडरीबद्दल बोलत असायचा ना टेबलावर, तेव्हा तर फारच.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“तुम्ही सगळे इतक्या मनापासून करत होतात,” ती म्हणाली. “आणि जागा नक्की होती ना.” मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढत, “मी आता खालच्या गटात जाणार नाही. बाईंना सांगून टाकलंय. रागावू नका.”

मी रागावणार? मला तर तिच्याकडे बघवत नव्हतं. आम्ही तीन मोठी माणसं दहा दिवस तिच्या पोटावर डोळा ठेवून होतो, चोरून चमचे घालत होतो, आणि पोरी, तुला भूक लागलीय का, एवढं एक वाक्य आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं. मी विचारलं, “आता लागलीय?”

“खूप,” ती म्हणाली आणि हसली.

मी उठलो आणि आत जाऊन रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा काउंटरमागच्या माणसाने डाव उचलला आणि विचारलं, “काय देऊ?”

“सगळं,” मी म्हटलं. “भात, अंडी, सूप, ब्रेड, जे जे असेल ते. भरपूर वाढा.”

त्याने ताटांच्या ढिगाकडे हात नेला. “किती जणांचं?”

“एकीचं,” मी म्हणालो.